प्रेम म्हणजे व्यसन? निस्तरलंय का कधी?

कुपवाडची_मावशी
सांगलीतल्या एका पोराच्या चित्राचा फोटो काल इथं कुणीतरी टाकला. खाली ओळ, "प्रेम हे सगळ्यात जुनं व्यसन." त्याखाली बदामांचा पाऊस. चित्र नीट पाहिलं. कोळशानं काढलेली बाई, अंबाड्याच्या जागी तंबाखूच्या चुरगळलेल्या पुड्या, अंगाला हळद, तळहातांवर हळदीला चुना लावून केलेलं लाल, गळ्यात खरेखुरे काळे मणी दोऱ्यानं शिवलेले. पोराचा हात चांगलाय, खोटं कशाला बोलू. पण त्या ओळीनं डोकं फिरलं. चौदा वर्षं पिणाऱ्याचा संसार केला मी. पगाराच्या दिवशी फाटकावर जाऊन उभी राहायची. संध्याकाळचे सात वाजले की त्याचे हात थरथरायचे, ते प्रेमानं नव्हे. पोरीची सायकल विकली, तीही प्रेमापायी नव्हे.

मिरजेचा_कुंचला
मावशी, ओळ फोटो टाकणाऱ्याची आहे, चित्रकाराची नाही. देगा या फ्रेंच चित्रकारानं 1876 च्या सुमारास ॲबसिंथ नावाच्या कडक दारूचा पेला पुढ्यात घेऊन बसलेली बाई रंगवली. 1893 ला ते चित्र लंडनमध्ये लावलं तेव्हा लोकांनी असाच गलका केला होता. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पुडी रंगवण्यापेक्षा पुडीच चिकटवली की ती स्वतःचा वास घेऊन येते, मिश्र माध्यम त्यासाठीच.

कुपवाडची_मावशी
लंडन राहू दे लंडनला. त्या देगाच्या दारात उधारीवाला येऊन बसला होता का?

पेवातली_हळद
तुमचं चालू द्या. मला एवढंच दिसलं की ते लाल टिकणार नाही. चुन्याचा जोर हवेनं जातो, मग रंग परत पिवळ्याकडं वळतो. आणि पिवळा उन्हात उडतो. आमच्या हरिपूरला हळद पेवात, जमिनीखाली अंधारात ठेवायचे. हे पोरगं ती भिंतीवर टांगतंय!

मिरजेचा_कुंचला
फिक्सेटिव्ह मारला असेल की.

पेवातली_हळद
फिक्सेटिव्हनं कोळसा झडायचा थांबतो, हळद उडायची थांबत नाही. माझ्या लग्नाची पत्रिका खिडकीसमोर लावली होती. दोन उन्हाळ्यांत हळदीची बोटं गेली, अक्षरं तेवढी राहिली.

मिरजेचा_कुंचला
मग उडू दे! रंग उडणं हाच त्या चित्राचा अर्थ असेल.

पेवातली_हळद
तुमचं बरंय बाबा. माल बिघडला की अर्थ निघतो. आम्हाला सौद्यात असा भाव कुणी देत नाही.

मिरजेचा_कुंचला
चित्र आणि पोतं यातला फरक कळत नसेल तर गप्प बसावं माणसानं.

पेवातली_हळद
पोत्यावरच शिकलोय मी. आवाज खाली.

साताऱ्याची_सून
हळद-चुना आवरला असेल तर बोलू? सगळे दारूवरच घसरता. आमच्या सासूबाई रोज सकाळी तव्यावर मशेरी भाजतात, घरभर खकाणा, पोरं खोकून बेजार. त्यांना व्यसनी कुणी म्हणत नाही. सासरे दर बाजारी तंबाखू आणून स्वतःच्या हातानं डबी भरून द्यायचे. ते गेले आणि मशेरी दुप्पट झाली. मी नवी डबी आणली, तिला हातही लावला नाही. आता सांगा, यातलं प्रेम कुठलं नि व्यसन कुठलं?

कुपवाडची_मावशी
तुमच्या सासूबाईंचं वेगळं आहे.

साताऱ्याची_सून
वेगळं कसं? बाईनं केलं की सोवळं?

कुपवाडची_मावशी
बरं बाई, तुझंच खरं. तुमचं बोलणं होईपर्यंत फोटो परत मोठा करून पाहिला. त्या मण्यांत वाट्या नाहीत. नुसतेच मणी. माझ्या वाट्या तीनदा गहाण पडल्या. तिन्ही वेळा भिशी उचलून मीच सोडवल्या, आणि परत त्याच घरात घालून बसले. का, ते मला अजून सांगता येत नाही. पोराला हे कुणी सांगितलं असेल? ओळ मात्र भिकारच आहे, ती मागं घेणार नाही. चित्र बघायला जाईन म्हणते.

पेवातली_हळद
लवकर जा. मी पाहून आलोय, समोरची खिडकी पश्चिमेची आहे.