कट-खुनाच्या कोर्टकादंबऱ्या वाचून डोकी फिरतात म्हणणाऱ्यांना उत्तर

रातवाचक
परवा इथे ‘अमराई’ यांची पोस्ट आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: राजकीय कारस्थान, खून आणि कोर्ट असल्या कादंबऱ्या वाचून लोक संशयी झालेत, कोणी पुढारी अपघातात गेला की हेच वाचक आधी ‘घातपात’ म्हणून ओरडतात, त्यापेक्षा त्यांनी चरित्रं वाचावीत. खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. मला हे दोन ओळींत सोडून देता येईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

कॉलेजात असल्यापासून मी या कादंबऱ्या वाचते. नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवरून आणलेल्या, पानं सुटलेल्या, काही तर शेवटचं प्रकरणच नसलेल्या. त्यांनी मला संशय घ्यायला नाही, संशय थांबवायला शिकवलं. ‘अहो, कोणी मारलं ते सगळ्या गावाला माहीत आहे’ हे पानठेल्यावर चालतं. कोर्टात तेच बोललं की समोरचा विचारतो, तुम्ही पाहिलंत? कोणाकडून ऐकलंत? तो माणूस साक्षीला आला आहे का? अफवेची उलटतपासणी कोणी घेत नाही, आणि या कादंबऱ्यांमध्ये पानोपानी दुसरं काही नसतं.

पोस्टीत ज्या अमेरिकन कादंबरीची टिंगल केली आहे तिचंच बघा. सुप्रीम कोर्टाचे दोन न्यायमूर्ती मारले जातात आणि कायद्याची एक विद्यार्थिनी शोधू लागते की या दोन जागा रिकाम्या होण्यात फायदा कोणाचा. ही हवेतली कल्पना नाही. तिथे न्यायमूर्ती नऊच, सगळे एकत्र बसून निकाल देतात, नेमणूक तहहयात. जागा रिकामी झाली की राष्ट्राध्यक्ष नाव देतो आणि सिनेट मान्यता देतं. दोन माणसं गेली तर देशाच्या कायद्याची दिशा बदलू शकते. नेमणुकीच्या पद्धतीतच खुनाचा हेतू दडलेला असू शकतो, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकानं कधी सांगितलं नव्हतं.

हीच गोष्ट दिल्लीत बसवून बघा, पहिल्याच प्रकरणात अडेल. आपल्या सुप्रीम कोर्टात तीसहून अधिक न्यायमूर्ती, बहुतेक कामं दोघातिघांच्या खंडपीठापुढे, पासष्टीला निवृत्ती. आपल्याकडे कट करणारा न्यायमूर्तीच्या वाटेला जाणारच नाही. तो साक्षीदाराकडे जाईल.

काळा कोट
ताई, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं नाही. मी वकिली करतो आणि या कादंबऱ्या वाचून आलेले पक्षकार माझ्यासमोर बसतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत दुवा दिसतो. मेव्हण्याचा फोन, शेजाऱ्याची गाडी, तलाठ्याची सही, सगळं एकाच माळेत. कादंबरीत दुवे जुळतात कारण लेखकाला शेवट आधीच ठाऊक असतो. तपासात शेवट कोणाला माहीत नसतो.

हे आपल्याच गावच्या खटल्यात लिहून ठेवलेलं आहे. हनुमंत गोविंद नरगुंदकर, अबकारी खात्याचे आयुक्त. शिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्यात टेंडरची हेराफेरी केली, नंतर मागची तारीख टाकून पत्र बनवलं, असा आरोप. नागपूरच्या हायकोर्टापर्यंत शिक्षा टिकली. १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडलं. त्या निकालात १८३८ च्या एका इंग्रज न्यायाधीशाचा इशारा उद्धृत केला आहे: माणसाच्या मनाला घटना एकमेकींत बसवण्यात सुख वाटतं, आणि बसत नसतील तर ते त्यांना थोडं ताणतंसुद्धा. परिस्थितीजन्य पुराव्यावर, म्हणजे डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसताना जुळवलेल्या दुव्यांवर, बोलायचं तर आजही सुरुवात या निकालापासून होते. पुढे १९८४ च्या शरद सारडा निकालात त्यातूनच पाच कसोट्या पक्क्या झाल्या. तुमच्या कादंबऱ्या नेमकं ते ताणण्याचं सुख विकतात.

रातवाचक
दादा, तो खटला तुम्ही माझ्याच बाजूनं मांडलात. पत्र मागच्या तारखेचं आहे हे ठरवायला टाइपरायटर पुढे आणला होता. ज्या यंत्रावर टाइप झालं म्हणतात ते त्या तारखेला ऑफिसात आलंच नव्हतं, असा दावा होता, आणि तज्ज्ञाचं मत सुप्रीम कोर्टानं धरलं नाही. टाइपरायटरच्या तज्ज्ञाचं मत पुराव्यात धरता येत नाही, ही भूमिका १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानंच बदलली. आता सांगा, बंद टेंडरं, मोठा अधिकारी, संशयास्पद टाइपरायटर, आणि शेवटी दुवा निखळतो. चांगली कोर्टकादंबरी याच जागेवर उभी असते. तुमच्या पक्षकारांनी वाईट कादंबऱ्या वाचल्या असतील.

बर्डीवाला
साक्षीदाराचं निघालं म्हणून लिहून राहिलो. कादंबऱ्यांचं तुमचं चालू द्या.

माझ्या बाबांचं इतवारीत किराण्याचं दुकान होतं. एका खुनात हत्यार काढून द्यायला पोलीस आरोपीला घेऊन आले. दोन पंच पाहिजे होते. बाबांना म्हणाले, काका, फक्त सही आहे. बाबा गेले, नाल्यातून सुरा निघालेला डोळ्यांनी बघितला, सही केली. मग कितीतरी वर्षांनी समन्स. दुकान बंद करून जायचं, पुकारा होईस्तोवर व्हरांड्यात बसायचं, संध्याकाळी पुढची तारीख. शेवटी पिंजऱ्यात उभं केलं आन् आरोपीच्या वकिलानं विचारलं, तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच ना? सुरा किती इंच होता? मूठ लाकडी का प्लास्टिकची? बाबांना आठवलं नाही. खोटारडे ठरवून खाली उतरवलं. घरी आल्यावर जेवले नाहीत. मरेपर्यंत सांगायचे, रस्त्यात माणूस पडला तर उचल, पण सही नको करू.

काहून करावी सही कोणी?

काळा कोट
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण असे प्रश्न विचारणं हे बचावाच्या वकिलाचं काम आहे. मीही विचारतो. कित्येक प्रकरणांत पंच खरंच ठाण्यातल्या ठाण्यात सह्या करतात. आणि चांगली माणसं मागे सरकली म्हणूनच पोलीस तेच ते पंच फिरवतात. कारण नसताना नकार देणं गुन्हा आहे हेही लक्षात ठेवा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १००, पोटकलम ८. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १०३.

बर्डीवाला
म्हणजे खरं बोलणाऱ्यालाच दम देऊन राहिले तुम्ही! माझा बाप खोटा नव्हता. त्याला खोटा पाडायची फी तुमच्यासारख्यानं घेतली. तुमच्या संहितेत त्याच्या बुडालेल्या धंद्याचं कलम कोणतं, ते सांगा आधी.

पेशकार
मी कोर्टात नोकरी केली आहे, आता निवृत्त. साक्षीदाराला भत्ता मिळतो, मागावा लागतो. बहुतेकांना माहीत नसतं, आणि आम्हीही आपणहून सांगत नव्हतो हे खरं. पण तारखेचा सगळा दोष कोर्टावर टाकू नका. आरोपीला जेलमधून आणायला गार्ड नाही, तपास अधिकारी बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात, मुद्देमाल ठाण्याहून आलेला नाही, बचावाचे वकील दुसऱ्या कोर्टात. एवढ्या माणसांची एका दिवशी गाठ पडणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. बोर्डावर नाव असलेला प्रत्येक साक्षीदार त्या दिवशी तपासून व्हावा यासाठी आम्ही पट्टेवाल्यांपासून सगळे धडपडलो आहोत. बर्डीवाल्यांच्या वडिलांसारखी माणसं बाकावर बसलेली मी बघितली आहेत. वाईट वाटायचं.

रातवाचक
मूळ प्रश्न कादंबऱ्यांचा होता, याची आठवण करून देते.

उत्तर नागपूर
आठवण नका करून देऊ, प्रश्न हाच आहे. १३ ऑगस्ट २००४. वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या इमारतीत, कस्तुरबानगरच्या बायकांनी मारलं. पोलिसांत जाऊन, तक्रारी करून थकलेली वस्ती होती ती. त्यांना खात्री होती की हा परत सुटणार. मग त्या हत्येचा खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. भर दिवसा, कोर्टात, एवढ्या लोकांसमोर झालेला खून! मी त्या भागातली आहे. तेव्हा आमच्याकडे कोणीही साक्ष देणार नव्हतं आणि मला त्यात गैर वाटत नाही. काळा कोट यांनी कसोट्या सांगाव्यात, पण ज्यांना रात्री त्याच गल्लीत परत जायचं असतं त्यांच्यासाठी कोणत्या कसोटीत जागा आहे?

काळा कोट
जमावानं मारणं मी कधीच योग्य म्हणणार नाही. कोर्टाच्या आवारात तर नाहीच. तुम्हाला राग येईल तरी. साक्षीदार संरक्षणाची योजना सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये देशभर लागू केली, त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. कागदावर सोय आहे. वस्तीतल्या माणसापर्यंत ती पोचत नाही, एवढं मी मान्य करतो.

लॉ कॉलेज चौक
मी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन गोष्टी सांगू का? जुन्या कलम १०० मध्येच पोटकलम ५ होतं: झडतीच्या पंचाला कोर्टानं खास समन्स काढल्याशिवाय साक्षीला यायची सक्ती नाही. प्रत्यक्षात समन्स निघतंच, म्हणून हे कोणाला जाणवत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. काकांच्या वडिलांच्या वेळी हे असतं तर मूठ लाकडी की प्लास्टिकची हे पडद्यावर दिसलं असतं.

कायद्याला मी आले त्या कादंबऱ्या वाचूनच. आमच्या वर्गात अशा बऱ्याच जणी आहेत. हे कोणी मोजायचं?

बर्डीवाला
बेटा, चांगलं सांगितलं. हे बाबांना सांगायला कोणी नव्हतं.

अमराई
माझ्या पोस्टवर एवढा धुरळा, म्हणून लिहितो. माझा पुतण्या असल्याच कादंबऱ्या वाचतो. आमच्या नात्यात एक मृत्यू झाला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली, हा मात्र तेराव्यापर्यंत प्रत्येक पाहुण्याला हेतू सांगत फिरला. मयताच्या बायकोनं ते ऐकलं. त्या घराशी आमचं येणंजाणं बंद आहे. ती पोस्ट मी त्या रागातून लिहिली आणि तो राग मी मागे घेत नाही.

आणि दाभोलकर खटला बघा. खून २०१३ मध्ये, निकाल मे २०२४ मध्ये. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. ललित नारायण मिश्र, रेल्वेमंत्री, समस्तीपूरचा बॉम्ब १९७५ च्या जानेवारीतला, शिक्षा झाली डिसेंबर २०१४ मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षं! खऱ्या राजकीय खुनात शेवटच्या प्रकरणात कोणी उभं राहून सूत्रधाराकडे बोट दाखवत नाही. तुमच्या कादंबऱ्या ती सवय लावतात, आणि खरा निकाल आला की तो लोकांना अपुरा वाटतो. मग ते उरलेलं स्वतःच्या मनानं भरतात. विद्यार्थिनीनं लिहिलेलं वाचून एवढं म्हणेन की सगळ्या वाचकांना एका दावणीला बांधायला नको होतं. त्यापुढे मी येणार नाही.

रातवाचक
तुमच्या पुतण्यानं जे केलं ते वाईटच. त्या बाईंसमोर मलाही मान वर करता आली नसती. पण निकाल अपुरा वाटणं हा रोग कसा? दोघांना शिक्षा झाली, तिघे सुटले, मग ठरवलं कोणी, हा प्रश्न लोकांनी विचारत राहायलाच हवा. फक्त तो पुरावा मागत विचारायचा, तेराव्याच्या पंगतीत बोट दाखवून नाही. हा फरक मला चरित्रांनी शिकवलेला नाही. पुढाऱ्यांची चरित्रं मीही वाचली आहेत. त्यांत नायकाची उलटतपासणी घ्यायला कोणीच उभं नसतं.

काळा कोट
हे वाक्य मात्र मी वापरणार.

बर्डीवाला भाऊ, तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाला पंच म्हणून समन्स आलं तर मला निरोप टाका. भत्त्याचा अर्ज मी लिहून देईन. आधी स्वतःचा पंचनामा वाचायला मागायचा, साक्षीला उभं राहण्याआधी सरकारी वकिलांकडून तो वाचून घेता येतो. तुमच्या वडिलांना तो कोणी दाखवलाच नाही, असं मला वाटतं.

बर्डीवाला
नव्हता दाखवला. निरोप टाकतो. सही करायची का नाही, ते मात्र घरी विचारूनच ठरवीन.