लॅक्टोज आत आल्याशिवाय जीन चालू होत नाही, मग पहिलं लॅक्टोज आत येतं कसं?

जिज्ञासू_२१:
ई. कोलाय या बॅक्टेरियाचा लॅक ऑपेरॉन (लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरण्यासाठी लागणारे, एकत्र चालू-बंद होणारे जीन्स) वाचतोय आणि एका जागी अडकलोय. पुस्तकात लिहिलंय की लॅक्टोज नसेल तर रिप्रेसर (जीन दाबून ठेवणारं प्रोटीन) डीएनएवर बसून राहतो, जीन बंद. लॅक्टोज आलं की रिप्रेसर सुटतो, जीन चालू. पण लॅक्टोज आत घ्यायला जे परमिएज लागतं ते त्याच ऑपेरॉनमधून बनतं ना? मग जीन बंद असताना परमिएज नाही, परमिएज नाही तर लॅक्टोज आत नाही, आणि लॅक्टोज आत नाही तर जीन चालू होणारच नाही. सुरुवात होते कुठून? आणि ग्लुकोज, लॅक्टोज दोन्ही असले की बॅक्टेरिया आधी ग्लुकोजच संपवतात, ते कसं ठरतं?

अगार_प्लेट:
एकदम योग्य ठिकाणी अडकलायस. जीन शंभर टक्के बंद कधीच नसतं. ई. कोलायच्या एका पेशीत लॅक रिप्रेसरचे जेमतेम दहाएक टेट्रामर (चार तुकडे जोडून झालेले रेणू) असतात, तो ऑपरेटरला (डीएनएवरची त्याची बसायची जागा) घट्ट चिकटतो पण कायमचा नाही, अधूनमधून सुटतो आणि परत बसायच्या आत पॉलिमरेज (जीन वाचणारं एन्झाइम) एखादा एमआरएनए (जीनची प्रत, ज्यावरून प्रोटीन बनतं तो मेसेज) काढून घेतं. त्यामुळे लॅक्टोज कधीच न मिळालेल्या पेशीतही परमिएज आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज (लॅक्टोज तोडणारं एन्झाइम, त्याच ऑपेरॉनमधलं) अगदी थोडं का होईना, असतंच.

आणि अजून एक गोष्ट, जी बरेच जण वाचताना सोडून देतात. रिप्रेसरला बाजूला करतं ते लॅक्टोज नाही, ॲलोलॅक्टोज, म्हणजे लॅक्टोजचंच थोडं बदललेलं रूप. ते बनवतं कोण, तर बीटा-गॅलॅक्टोसिडेजच! म्हणजे ही दोन्ही प्रोटीनं थोडीतरी आधीपासून हवीतच. तेवढ्यावर थोडं लॅक्टोज आत येतं, थोडं ॲलोलॅक्टोज होतं, रिप्रेसर सुटतो, परमिएज वाढतं, अजून लॅक्टोज येतं, आणि शेवटी एन्झाइम सुमारे हजार पटीने वाढतं. माझ्या मते ही गळतीच या सगळ्या सिस्टिममधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि शिकवताना तिलाच एका ओळीत उरकतात.

लॉग_फेज:
ग्लुकोजचं मी सांगते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हेच पाहिलं, दोन साखरा एकत्र दिल्या की ग्रोथ कर्व्ह (बॅक्टेरियाच्या वाढीचा आलेख) आधी चढतो, मग थोडा वेळ सपाट राहतो, मग परत चढतो. त्या सपाट वेळात पेशी दुसऱ्या साखरेसाठी लागणारी एन्झाइम्स बनवत असतात.

ठरतं कसं, तर ग्लुकोज आत घेतानाच त्याला फॉस्फेट लावलं जातं, आणि तो फॉस्फेट एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे असा सरकत येतो. या साखळीत एन्झाइम टू-ए नावाचं प्रोटीन आहे. ग्लुकोज भरपूर असेल तर त्याच्याकडचा फॉस्फेट सारखा पुढे जात राहतो, ते रिकामं राहतं आणि रिकामं टू-ए जाऊन लॅक्टोजच्या परमिएजलाच धरून अडवतं. ग्लुकोज संपलं की टू-एवर फॉस्फेट टिकून राहतो, परमिएज मोकळं होतं, शिवाय सायक्लिक एएमपी (पेशीतला इशारा देणारा छोटा रेणू) वाढतं आणि ते सीआरपी नावाच्या प्रोटीनला घेऊन प्रमोटरवर (जीनच्या आधीची, पॉलिमरेज बसायची जागा) पॉलिमरेजला मदत करतं.

बहुतेक ठिकाणी फक्त सायक्लिक एएमपीचीच गोष्ट सांगतात. पण ग्लुकोज-लॅक्टोजच्या बाबतीत लॅक्टोजला दारातच अडवणं हाच मोठा भाग आहे, प्रयोगांत तसं दिसलंय.

टर्बिडिटी:
पहिल्या उत्तराला जोडून. सगळ्या पेशी एकदम चालू होतात असंही समजू नका. नोव्हिक आणि वाइनर यांनी १९५७ मध्ये टीएमजी वापरून दाखवलं, हा लॅक्टोजसारखा पदार्थ, त्याच परमिएजने आत येतो पण पेशी तो खाऊ शकत नाही. तो कमी प्रमाणात दिला तर कल्चरची सरासरी हळूहळू चढते, पण आत काही पेशी पूर्ण चालू आणि बाकीच्या पूर्ण बंद. जीन्स तेच, फ्लास्क तोच! ज्या पेशीत त्या क्षणी योगायोगाने परमिएज जास्त बनलं ती चालूकडे गेली, आणि तिची पिल्लंही चालूच राहतात.

जिज्ञासू_२१:
भारी, आता कुठे नीट कळलं. पण जीन चालू होऊन प्रोटीन बनायला मिनिटं लागणार ना? बाहेरचं त्याआधीच बदललं तर?

अगार_प्लेट:
म्हणून तर सगळं जीनवर सोडलेलं नाही. ट्रिप्टोफॅन घे, हे अमिनो आम्ल पेशी स्वतःच बनवते. ते वाढलं की ते बनवणाऱ्या साखळीतल्या पहिल्याच एन्झाइमला स्वतः जाऊन बसतं आणि काम तिथल्या तिथे मंदावतं, डीएनएशी संबंधच नाही. मग रिप्रेसर, तो जीन सुमारे ७० पट दाबतो. आणि त्यावर ॲटेन्युएशन (मेसेज लिहिणं मध्येच थांबवणं): एमआरएनएच्या सुरुवातीलाच १४ अमिनो आम्लांच्या छोट्या तुकड्याचा कोड आहे, त्यात दोन ट्रिप्टोफॅन लागोपाठ. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर रायबोसोम (मेसेज वाचून प्रोटीन बनवणारं पेशीतलं यंत्र) तिथेच अडकतो, आरएनएची घडी वेगळी पडते आणि पॉलिमरेज पुढे जात राहतं. भरपूर असेल तर रायबोसोम सरळ निघून जातो, दुसरी घडी पडते आणि मेसेज अर्धवटच तुटतो. बॅक्टेरियात केंद्रक नसल्यामुळे मेसेज लिहिला जात असतानाच वाचला जातो, म्हणून हे जमतं.

उलट बाजूही बघ. लॅक्टोज संपलं की लॅकचा एमआरएनए काही मिनिटांतच मोडतो, पण परमिएज आणि गॅलॅक्टोसिडेज तसे टिकून राहतात, दर विभाजनाला निम्मे निम्मे होत जातात. त्यामुळे थोड्याच पिढ्यांत लॅक्टोज परत आलं तर तो सपाट टप्पा खूपच छोटा होतो किंवा येतच नाही.