पायथनमध्ये टाइप तपासायचा तरी किती?

रावेरची केळी
केळीचे रोजचे भाव सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) भरतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट त्यातला सगळ्यात चढा भाव काढून गावच्या ग्रुपवर टाकते. परवा १४०० चा भाव असताना ग्रुपवर गेला ९५०! रात्रभर शिव्या खाल्ल्या. झालं असं, की सीएसव्हीतून आलेला आकडा ही स्ट्रिंग, म्हणजे संख्या नव्हे तर नुसता मजकूर, असते आणि स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. ९ मोठा, १ लहान, झालं. एरर नाही की काही नाही. आता प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी इझइन्स्टन्स (आलेली गोष्ट संख्या की मजकूर, म्हणजे तिचा टाइप, तपासणारं फंक्शन) लावणार. भलता टाइप आला की तिथेच टाइपएरर. बरोबर ना?

अमळनेरकर
काय भो, जिनिंगच्या गेटवर कापसाची गाडी काट्यावर एकदाच चढते ना? आत जो तो ती परत तोलत बसला तर काम कधी होणार? फाइल वाचतानाच आकड्याचा इंट (पूर्णांक) करा. भावाच्या जागी कुणी 'बंद' लिहिलं असेल तर व्हॅल्यूएरर तिथेच येईल. (देवनागरी '९५०' मात्र इंट गुपचूप घेतो, करून बघा.) आत 'लिस्टच पाहिजे' म्हणून अडून बसलात तर टपललाही (लिस्टसारखीच, पण बदलता न येणारी यादी) हाकलाल. काम त्यानेही झालं असतं.

रावेरची केळी
कापूस गेटवर कोरडा होता, आत कुणी पाणी मारलं तर? स्क्रिप्टमध्ये पुतण्याही हात घालतो.

भुसावळ जंक्शन
टाइप हिंट (कुठे कुठला टाइप हवा याची नोंद) लिहा ना. २०१५ च्या पायथन ३.५ पासून आहेत.

अमळनेरकर
त्या लिहून पायथन कुणाला अडवत नाही. त्या तपासणारा मायपाय वेगळा चालवावा लागतो. हां, चालवला असता तर ही चूक सापडली असती, तेवढं मान्य.

धुळेकर
इझइन्स्टन्सवरही फार विसंबू नका. बूल (ट्रू-फॉल्स, म्हणजे खरं-खोटं) हा इंटचाच पोटवर्ग. भावाच्या जागी ट्रू आला तरी तो पास, आणि हिशोबात केळी १ रुपया क्विंटल! असर्ट (अट खोटी ठरली की एरर देणारी ओळ) लावाल तर ऑप्टिमाइझचा पर्याय देऊन चालवलं की तो गायब.

रावेरची केळी
१ रुपया? तो दिवस नको रे बाबा! इंट गेटवर लावला. पण चढा भाव काढणाऱ्या फंक्शनातला इझइन्स्टन्स मी काढत नाही. ग्रुपवर शिव्या मला पडतात, अमळनेरकरांना नाही.