विषय: क्रेडिट रिपोर्टवर दुसऱ्याचंच कर्ज. कोर्टात जाता येतं का?

प्रेषक: अमोल (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

घराचं कर्ज अडकलंय. ओहायोतल्या कुणाचं तरी गाडीचं थकलेलं कर्ज माझ्या रिपोर्टवर 'चार्ज-ऑफ' (म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं) म्हणून दिसतंय. मी ओहायोत कधी राहिलेलो नाही. त्या बँकेला फोन करकरून कंटाळलो. 'आमच्या रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे', याच्यापलीकडे कुणी बोलत नाही. रेट लॉक, म्हणजे ठरलेला व्याजदर टिकायची मुदत, संपत आलाय. मित्र म्हणतो, सरळ दावा ठोक. ठोकता येतो का? आणि त्यात आपल्याला काही मिळतं, की सगळी वकिलाचीच धन?

– अमोल

प्रेषक: राजू (पिस्कॅटवे)

अमोल, दावा-बिवा कशाला? क्रेडिट दुरुस्त करून देणाऱ्या कंपन्या असतात ना, पैसे भरायचे की बाकी ते बघतात. ता.क. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं कुणाकडे मिळतील?

प्रेषक: वृषाली (प्रिन्स्टन)

अमोल, राजूचं हे अजिबात ऐकू नकोस. (राजू, राग मानू नकोस. तिकिटं सुहासताईंकडे.) काम पूर्ण व्हायच्या आत पैसे मागणं अशा कंपन्यांना 1996 च्या कायद्याने मना आहे, तरी मागतात. आणि खरी चूक काढायला त्या जे करतील ते तू टपालखर्चात करशील.

मी वकिली याच विषयात करते, पण तुझी कागदपत्रं पाहिलेली नाहीत, तेव्हा ढोबळ सांगते. आज बँकेवर दावा लावलास तर तो बहुधा उभाच राहणार नाही. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट हा कायदा 1970 चा. बँकेने ब्युरोला (म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या कंपन्यांना) चुकीची माहिती देऊ नये, असं त्याच्या कलम 623 च्या पोटकलम 'ए'मध्ये आहे. पण ते मोडलं म्हणून ग्राहकाला कोर्टात जाता येत नाही. ते सरकारी यंत्रणांनी बघायचं. तुझ्या कामाचं पोटकलम 'बी'. तू ब्युरोकडे तक्रार केलीस, ब्युरोने ती बँकेकडे धाडली आणि तरी बँकेने धड चौकशी केली नाही, की मग तिच्यावर दावा लागतो. बँकेशी फोनवर वर्षभर भांडलास तरी या हिशेबात त्याची किंमत शून्य. लोक नेमके इथेच अडकतात, कारण चूक बँकेची दिसते म्हणून बँकेकडेच जावंसं वाटतं.

म्हणून आजच ब्युरोला पत्र लिही. रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवरून घे, तिन्ही ब्युरोंचा दर आठवड्याला फुकट मिळतो. ज्या ज्या रिपोर्टवर ही नोंद आहे त्या प्रत्येक ब्युरोला वेगळं पत्र, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसकट. पत्रात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, जन्मतारीख, त्या कर्जाचा खाते क्रमांक, ते कर्ज उघडलं तेव्हा तू कुठे राहत होतास त्याचा पुरावा (लीज किंवा टॅक्स रिटर्नचं पहिलं पान), आणि एक स्पष्ट वाक्य: 'हे खातं माझं नाही, माझी फाइल दुसऱ्याच्या फाइलमध्ये मिसळली आहे.' ऑनलाइन फॉर्मवर दोन खुणा करून मोकळा होऊ नकोस. ब्युरो तुझी तक्रार 'ई-ऑस्कर' नावाच्या यंत्रणेतून एक कोड लावून बँकेकडे पाठवतात. पुराव्याचे कागद तू जोडलेच नाहीस, तर पुढे त्या कोडशिवाय फारसं काही जात नाही. शिवाय ब्युरोच्या फुकट ॲपवर खातं उघडलंस तर अटींमध्ये आर्बिट्रेशनचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे न्यायचं, कलम असू शकतं. मग ज्युरी विसर.

आपल्या लोकांच्या फाइली मिसळायला कारणं भरपूर आहेत. दोन भावांचं मधलं नाव आणि आडनाव तेच, पत्ता तोच, आद्याक्षरही तेच. त्यात 2011 पर्यंत सोशल सिक्युरिटीचे नंबर राज्यवार आणि क्रमाने निघायचे, त्यामुळे एकाच राज्यात एकाच सुमाराला उतरलेल्यांचे पहिले पाच आकडे सारखे असू शकायचे. आणि खाती जुळवताना सगळे नऊ आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत, असं ब्युरो धरत नाहीत.

पत्र पोचलं की ब्युरोला 30 दिवस. मधेच तू आणखी कागद पाठवलेस, किंवा फुकटचा वार्षिक रिपोर्ट पाहून तक्रार केलीस, तर 45. त्यानंतरही नोंद तशीच राहिली तर ब्युरो आणि बँक दोघांवर दावा.

मिळतं काय? निष्काळजीपणा असेल तर झालेलं नुकसान: चढलेला व्याजदर, हुकलेलं घर, मनस्तापही. जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलं असेल तर नुकसान सिद्ध न करताही 100 ते 1,000 डॉलर, वर दंडात्मक भरपाई. जिंकलास तर तुझ्या वकिलाची फी समोरच्याने द्यायची; म्हणून आमच्यापैकी बरेच जण आधी पैसे मागत नाहीत. ओरेगॉनच्या मिलर विरुद्ध इक्विफॅक्स खटल्यात अशाच मिसळलेल्या फाइलसाठी ज्युरीने 2013 मध्ये 1.8 कोटी डॉलरच्या वर दिले. न्यायाधीशांनी पुढे दंडाची रक्कम 16.2 लाखांवर आणली, हे मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा आकडे ऐकून हुरळू नकोस.

आणखी एक. 2021 चा ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ निकाल. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये एक जण गाडी घ्यायला गेला, तर रिपोर्टवर त्याचं नाव सरकारच्या दहशतवादी वगैरेंच्या यादीशी जुळतंय असं आलं. जुळवलं होतं फक्त नाव आणि आडनाव! गाडी शेवटी बायकोच्या नावावर घेतली. त्याच्यासारखे 8,185 जण दाव्यात होते. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की ज्यांचा रिपोर्ट प्रत्यक्ष तिसऱ्याकडे गेला त्या 1,853 जणांनाच भरपाई मागता येईल. बाकीच्यांच्या फाइलमध्ये चूक होती, पण ती कुणी पाहिली नव्हती. मला हा निकाल पटत नाही, पण कायदा तो आहे. तेव्हा कर्ज देणाऱ्याकडून नकाराचं किंवा दर वाढवल्याचं लेखी पत्र घे आणि जपून ठेव. दावा लावायची मुदत: चूक कळल्यापासून दोन वर्षं, आणि काही झालं तरी घडल्यापासून पाच.

रेट लॉकसाठी कोर्ट उपयोगाचं नाही. लोन ऑफिसरला 'रॅपिड रिस्कोर' विचार. पुरावा पटला तर काही दिवसांत नोंद सुधारते. ती विनंती त्यानेच करायची असते, तुला करता येत नाही.

– वृषाली

प्रेषक: सुनीलकाका (प्लेन्सबरो)

वृषाली, छान लिहिलंस. पुण्यातलं माझं जुनं क्रेडिट कार्ड बंद करून दहा वर्षं झाली, सिबिलवर अजून थकबाकी दाखवतंय. तिथे असंच पत्र चालेल का?

प्रेषक: वृषाली

काका, तिथला कायदा वेगळा, 2005 चा. तक्रार सिबिलकडे किंवा बँकेकडे करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम आहे. मग रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. अर्ज ऑनलाइन होतो, पुण्याला जावं लागत नाही.

प्रेषक: अमोल

वृषालीताई, आभार. रिपोर्ट काढले, नोंद दोन ब्युरोंकडे आहे, तिसऱ्याकडे नाही. लोन ऑफिसरला रिस्कोरचं विचारलंय. पत्रं उद्या दुपारी पोस्टात टाकतो. बँकेला प्रत पाठवू का?

प्रेषक: वृषाली

पाठव, पण ब्युरोची पत्रं आधी.