मदत हवी आहे: किंग लिअर इंग्रजीतून वाचायला घेतलंय, आधी पुस्तक की आधी प्रयोग?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा लांबलाय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही सांगलीत पाच जण दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमून नाटकं मोठ्याने वाचतो. तीन बायका, दोन पुरुष, सगळे पंचावन्नच्या पुढचे, मी बँकेतून रिटायर झालेय. प्रयोग बियोग काही करत नाही, चहा होतो, वाचन होतं, मग त्यावर बोलणं होतं आणि नऊ वाजता सगळे घरी. आत्तापर्यंत सगळी मराठी नाटकंच झाली. दिवाळीनंतर नटसम्राट वाचलं आणि शेवटच्या प्रवेशाला ज्यांच्याकडे अप्पासाहेबांचं काम होतं त्यांना पुढे वाचवेना, पुस्तक मिटून बसून राहिले. त्याच दिवशी ठरलं की आता ज्याच्यावरून नटसम्राट सुचलं ते शेक्सपिअरचं लिअर वाचायचं आणि तेही इंग्रजीतून, कारण इंग्रजी तसं सगळ्यांना येतं, रोज पेपर वाचतो, सिरीज बघतो.

पण घोडं अडलंय. तीन शनिवार झाले आणि आम्ही पहिल्या अंकातच आहोत.

माझ्याकडे कॉलेजच्या वेळची प्रत आहे, पानं पिवळी झालीत, वर सात-आठ ओळी आणि खाली पानभर बारीक टिपा. एक ओळ वाचायची, खाली बघायचं, परत वर यायचं, तोवर राजा काय म्हणत होता तेच विसरायला होतं. नटसम्राट वाचताना कसा सूर आपोआप लागत गेला, इथे सूर लागायच्या आधीच तुटतो. मग वाटलं आधी बघूनच घेऊ, म्हणून अँथनी हॉपकिन्सचा २०१८ चा सिनेमा लावला, सगळे टीव्हीसमोर, मांडीवर पुस्तक, म्हटलं ओळीवर बोट ठेवून बघू. दहा मिनिटांत बोट हरवलं. मध्येच वीस-वीस ओळी गायब, कुठे पुढचं आधी आलंय असं वाटायचं, त्यामुळे सिनेमाही धड बघितला नाही आणि पुस्तकही नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीने पुस्तक न घेता परत बघितला आणि मग मात्र हलले.

म्हणजे एक गोष्ट सांगते. शेवटी धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हातावर घेऊन लिअर येतो, ती गेलेली आहे, आणि आता हा माणूस काहीतरी मोठं बोलेल असं आपल्याला वाटत असतं. आणि तो म्हणतो, जरा हे बटण काढा. मग थँक यू म्हणतो. एवढंच. ऐंशीच्या पुढचा राजा, सगळं राज्य वाटून मोकळा झालेला, आणि शेवटी त्याला गळ्याजवळ घुसमटतंय म्हणून कुणाला तरी बटण काढायला सांगतोय. माझे वडील शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये शर्टाच्या वरच्या बटणाशी सारखे चाळा करायचे, आणि मी काढलं की मलाच 'थँक यू बाळ' म्हणायचे. मी सिनेमा तिथेच थांबवला आणि पुस्तक उघडून ती ओळ शोधली. टिपांची गरजच पडली नाही, प्रत्येक शब्द कळला. तेव्हापासून मला हे नाटक अर्धवट सोडायचं नाहीये.

तर माझे प्रश्न असे:

आधी वाचावं की आधी बघावं, आणि बघताना पुस्तक हातात ठेवावं का? टिपांनी वाट अडणार नाही अशी कुठली प्रत घ्यावी? विंदांचा राजा लिअर घरात आहे, तो सोबत घ्यावा की त्याने इंग्रजी मागे पडेल? पाच माणसांत एवढी पात्रं वाटायची कशी? आणि शेवटचं, मुलगी मँचेस्टरला असते, जूनमध्ये दीड महिना जातेय तिच्याकडे. तिथे स्टेजवर एखादं शेक्सपिअर बघायचंच आहे, लिअर असेल नसेल, पण कुठे आणि कसं बघावं म्हणजे कळेल? गुडघ्याचा त्रास आहे, फार वेळ उभं राहता येत नाही.

कुणी हे सगळं केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं कॉलेजात हे नाटक शिकवलंय, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

आधी तुमच्या हरवलेल्या बोटाबद्दल. तुमचं काहीच चुकलं नाही. लिअर पूर्ण केलं तर तीन तासांच्या वर जातं आणि तो सिनेमा दोन तासांच्या आत आहे, म्हणजे कात्री लागणारच. पण त्याही आधीची गोष्ट म्हणजे लिअरची संहिताच एक नाहीये. १६०८ साली एक छोटी प्रत छापली गेली, तिला क्वार्टो म्हणतात, आणि शेक्सपिअर गेल्यावर सात वर्षांनी, १६२३ ला, फोलिओ नावाचा मोठा ग्रंथ निघाला. पहिल्यात साधारण ३०० ओळी अशा आहेत ज्या दुसऱ्यात नाहीत, आणि दुसऱ्यात १०० एक ओळी अशा ज्या पहिल्यात नाहीत. वेडाच्या भरात लिअर आपल्या मुलींवर खटला चालवतो तो भाग फक्त क्वार्टोत आहे. आपण शिकलो त्या बहुतेक प्रती दोन्ही एकत्र करून बनवलेल्या असतात, आणि दिग्दर्शक त्यातून आपल्याला हवं ते उचलतो. त्यामुळे पुस्तक मांडीवर घेऊन कुठलंच लिअर बघता येत नाही. बघताना पुस्तक बंद ठेवा.

तुमच्या बटणाच्या ओळीच्या आधी लिअर 'नेव्हर' म्हणतो ना, ते फोलिओत पाच वेळा आहे, क्वार्टोत तीनच वेळा. शनिवारी दोन्ही म्हणून बघा. तीन वेळा म्हटलं की नुसतं दुःख वाटतं, पाच वेळा म्हणताना चौथ्याला श्वास संपतो आणि पाचवा कसा म्हणायचा हे वाचणाऱ्यालाच कळत नाही. पूर्ण ओळ त्या एकाच शब्दाची आहे.

प्रत फोल्जरची घ्या. उजव्या पानावर नाटक, डाव्या पानावर टिपा, त्यामुळे मोठ्याने वाचताना नजर खाली घसरत नाही, आणि त्यांची संहिता नेटवर फुकट वाचायला आहे. आर्डेन उत्तम आहे, कुठली ओळ कुठल्या प्रतीतली ते बारीक क्यू आणि एफ लावून दाखवतात, पण ती घरी एकट्याने वाचायची, पाच जणांत नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टिपांपेक्षा आपलं मराठी जास्त कामाला येतं. 'दाऊ' आणि 'यू' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. आजच्या इंग्रजी माणसाला हे कानाने कळत नाही, त्याला शिकवावं लागतं, आपल्याला लगेच टोचतं. पहिल्याच प्रवेशात कॉर्डेलियाला घालवून दिल्यावर केंट भर दरबारात राजाला 'दाऊ' म्हणतो आणि वर 'ओल्ड मॅन' म्हणतो. म्हणजे आयुष्यभर महाराज महाराज करणारा सरदार एकदम 'काय करायला निघालायस, म्हाताऱ्या' म्हणाला. टिपेत याचं एक वाक्य असतं, पण तुमच्यातल्या एकाने ते मराठीत म्हणून दाखवलं की खोलीत सगळे गप्प होतील.

तसंच 'वी'. सुरुवातीला लिअर स्वतःला 'वी' म्हणतो, आपल्या ऐतिहासिक नाटकांतले राजे 'आम्ही' म्हणतात तसं. आम्ही राज्याचे तीन भाग केलेत, आम्ही असं ठरवलंय. चौथ्या अंकाच्या शेवटी कॉर्डेलियासमोर जागा होतो तेव्हा 'मी' आलेला आहे, मी एक खुळा म्हातारा आहे, ऐंशीच्या वरचा. आणि तिथून मग तुमचं बटण, 'प्रे यू' आणि 'थँक यू, सर'. पहिल्या प्रवेशात हाच माणूस कुणाचेही आभार न मानता हुकूम सोडतोय. पेन्सिलने एवढंच करा, जिथे जिथे दाऊ, यू, वी आणि आय बदलतात तिथे खूण करत जा, नाटक आपोआप उघडेल.

विंदांचा अनुवाद जरूर घ्या, पण त्याच संध्याकाळी नको. इंग्रजी प्रवेश आधी अडखळत का होईना मोठ्याने वाचा, घरी जाऊन विंदा वाचा, पुढच्या शनिवारी तोच प्रवेश परत इंग्रजीतून. दुसऱ्या खेपेला सूर लागलेला असेल.

पात्रांचं सोपं आहे. कॉर्डेलिया आणि विदूषक एकालाच द्या. दोघं संपूर्ण नाटकात एकदाही समोरासमोर येत नाहीत, आणि शेवटी लिअर 'माय पुअर फूल' म्हणतो ते नेमकं कुणाबद्दल यावर विद्वान अजून भांडतायत. एकाच तोंडून दोन्ही कामं ऐकलीत तर ती ओळ तुम्हाला वेगळीच लागेल. लिअर मात्र एकाकडेच ठेवा, अंकागणिक बदलू नका.

प्रतिसाद २

काकू, मी लंडनजवळ राहते, स्टेजचं मी सांगते.

लंडनच्या ग्लोब थिएटरला जायचंच, १९९७ ला शेक्सपिअरच्या काळच्या थिएटरच्या धर्तीवर नवीन बांधलेलं आहे, वरून उघडं. मधल्या चौकात उभं राहून बघायची तिकिटं सगळ्यात स्वस्त असतात आणि मजा तिथेच असते, पण तुमच्या गुडघ्याला ते झेपायचं नाही, आणि तिथे पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत. तुम्ही गॅलरीतलं बाक घ्या, डोक्यावर छप्पर असतं. बाक लाकडी आहे, उशी भाड्याने मिळते ती घ्याच. खांब मध्ये येतात, तिकीट काढताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलंय का बघा. दिवसाउजेडी प्रयोग असला की नट तुमच्या डोळ्यांत बघून स्वगत बोलतो, त्याला तुम्ही दिसत असता, अंधाऱ्या थिएटरात हे होत नाही. मी तिथे पहिल्यांदा स्वगत ऐकलं तेव्हा कळलं की ते स्वतःशी बोलणं नाहीच, ते आपल्याला विचारणं आहे.

मँचेस्टरहून शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्डपण होतं, बर्मिंगहॅमला गाडी बदलून. तिथल्या मोठ्या थिएटरात तीन बाजूंनी प्रेक्षक असतात, त्यामुळे मागे बसलात तरी फार लांब वाटत नाही.

आणि एक खास टिप, 'कॅप्शन्ड' प्रयोगाची तारीख शोधा. स्टेजच्या बाजूला पडद्यावर संवाद येत राहतात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असतं, पण माझी आई आली होती तेव्हा मी तिला त्याच दिवशी नेलं आणि ती तिथल्या लोकांच्या बरोबरीने हसत होती. मोठ्या थिएटरांत बऱ्याच नाटकांचे असे काही प्रयोग ठेवतात, लवकर बुक करा.

जायच्या आधी घरी बसून बघायचं असेल तर नॅशनल थिएटरचं ॲट होम म्हणून आहे, महिन्याचे पैसे भरून बघता येतं, सबटायटल असतात. मुंबईला एनसीपीएलाही त्यांच्या प्रयोगांचं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवतात.

प्रतिसाद ३

लिअरच्या आधी एक महिना ऑस्कर वाइल्डचं द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट घ्या असं सुचवेन. १८९५ चं आहे, सगळं गद्य, टिपा जवळपास लागतच नाहीत आणि इंग्रजी मोठ्याने बोलायची जीभ सुटते. त्यात मुलीची आई लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल काढून मुलाची चौकशी करते तो प्रवेश म्हणजे आपल्याकडची लग्नाची बोलणीच. वय किती, उत्पन्न किती, जमीन की गुंतवणूक, घर कुठल्या गल्लीत, आणि मग आईवडील कोण. तिथे तो सांगतो की मी व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडलो. १९५२ च्या सिनेमात ईडिथ इव्हान्स 'हँडबॅग' हा एकच शब्द असा काही ताणते की तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो म्हणून बघावासा वाटेल. आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपने तसंच केलं होतं, आणि मग आम्ही लिअरला गेलो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार थांबून मग लिहितेय, म्हणजे करून बघितल्याशिवाय नको म्हणून.

सर, फोल्जरची प्रत नेटवरून उतरवून छापून घेतली, मोठ्या अक्षरात. केंटची ओळ आमच्यातल्या सगळ्यात शांत माणसाकडे आली होती. त्यांनी आधी इंग्रजीत वाचली, मग कुणी न सांगता मराठीत म्हणाले, आणि ज्यांच्याकडे लिअरचं काम आहे त्यांनी खरोखर दचकून वर बघितलं. पहिला अंक त्याच दिवशी संपला, तीन आठवडे अडलेला. नटसम्राटबद्दलही बोलणं निघालं, अप्पासाहेबांच्या सोबत कावेरी असते, इथे लिअरच्या बायकोची कुणाला आठवणसुद्धा होत नाही, जवळजवळ एक शब्द नाही तिच्याबद्दल. वादळात त्याच्याजवळ विदूषक आणि केंट असतात, पण बायकोसारखं म्हणावं असं कुणी नाही. हे आमच्या लक्षात इंग्रजीतून वाचल्यावर आलं.

वाइल्डचा सल्ला पटला पण आता लिअर सोडवत नाही, ते मे महिन्यात घेऊ. ग्लोबला मुलीने गॅलरीची तिकिटं बघायला घेतलीत, कॅप्शनवाली तारीख शोधतेय.

आता एकच अडलंय. शेवटच्या प्रवेशाचं विंदांचं न बघता आम्ही सगळ्यांनी आपापलं मराठी करून आणायचं ठरवलंय, गृहपाठ म्हणून. माझ्याकडे बटणाची ओळ आलीय. 'थँक यू, सर' मधलं 'सर' कसं आणायचं? राजा कुणाला सर म्हणतोय, केंटला, जावई अल्बनीला, की तिथे उभा असेल त्या कुणालाही? 'आभारी आहे' फार कोरडं होतं, 'उपकार झाले' म्हटलं तर जड होतं, आणि वडिलांचं 'थँक यू बाळ' सारखं कानात येतं पण ते इथे बसत नाही. कुणाला काही सुचलं तर शनिवारच्या आत सांगा.