झोआंथिड मिटलेत, फक्त डिप पुरणार नाही

दादा, तुमच्या समुद्री टँकमधले झोआंथिड (दगडावर फुलासारखे उमलणारे प्रवाळांचे नातेवाईक) आठवडाभर मिटलेले आहेत आणि एकदा आयोडीनचं डिप केलं, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून काढलं, तरी फरक नाही, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून वाईट वाटलं. मला झोआंथिड खाणाऱ्या न्यूडीब्रँकचा, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीचा, संशय आहे. तो जे खातो त्याचाच रंग घेतो, पाठीवरची बोटं थेट पॉलिपच्या (झोआंथिडच्या एकेका फुलाच्या) मिशांसारखी, म्हणून दिवसा दिसतच नाही. टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा.

डिपने मोठे न्यूडीब्रँक मरतात, अंडी मरत नाहीत. पॉलिपच्या देठाशी, दगडाच्या खालच्या बाजूला अंड्यांची पांढरी गुंडाळी असते, ती चिमट्याने आणि ब्रशने खरवडूनच काढायची. मग दर ५-७ दिवसांनी डिप, किमान महिनाभर. डिपचं पाणी टँकमध्ये परत नको. आपल्या सांगलीच्या उन्हाळ्यात डिपच्या बादलीतलं पाणी पटकन तापतं, थर्मामीटर ठेवा.

वरच्या उत्तरांत कुणीतरी सिक्सलाइन रास हा किडे खाणारा मासा सुचवलाय. मदत होते, पण त्याच्यावर विसंबू नका.

आणि कळकळीने सांगतो, हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय खरवडू नका. काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोआंथिड असलेला दगड उकळायचा तर विचारसुद्धा नको, त्या वाफेने अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.