रिटायर झाल्यावर जॉर्ज वेआ

कोणीतरी लिहिलेलं वाचलं की फुटबॉलपटू रिटायर झाला की संपला, मग फक्त जाहिराती आणि कॉमेंट्री. मला लगेच जॉर्ज वेआ आठवला. लायबेरियातल्या मन्रोव्हियाच्या झोपडपट्टीत आजीने वाढवलेला पोरगा, १९८८ ला प्रशिक्षक आर्सेन वेंगरने मोनॅको क्लबला नेला, मग पॅरिस, मग मिलान, आणि १९९५ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, आफ्रिकेतल्या देशाकडून खेळणाऱ्या दुसऱ्या कोणाला तो आजवर मिळालेला नाही. मिलानकडून त्याचा १९९६ चा व्हेरोना क्लबविरुद्धचा गोल बघाच, समोरच्यांचा कॉर्नर, बॉल याच्याकडे येतो आपल्याच बॉक्समध्ये आणि हा पठ्ठ्या सरळ धावत सुटतो, मध्ये दोन-तीन जण अंगावर येतात, तो त्यांच्यातून गिरकी घेऊन निसटतो आणि थेट गोल. अंगावर काटा येतो राव अजूनही.

पण मला जास्त भावतं ते पुढचं. २००५ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला, शिक्षण नाही म्हणून लोकांनी हिणवलं, तर गडी चाळिशीत अमेरिकेत जाऊन डिग्री घेऊन आला! मग सिनेटर, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष. कारभार काही फार भारी नव्हता, महागाई आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून लोक रस्त्यावर उतरले, ते खरंच आहे. तरी २०२३ ला अगदी थोडक्यात हरल्यावर पूर्ण निकाल लागायच्या आधीच प्रतिस्पर्धी जोसेफ बोकाईंना फोन करून अभिनंदन केलं. ज्या देशाने दोन यादवी युद्धं पाहिली तिथे हा फोन मला त्या व्हेरोनाच्या गोलपेक्षा मोठा वाटतो.